चढत्या पट्टीचा कोपरा

ता. ९, मंगळवार

चि. बबडीस,

आईचे अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे पोटातल्याला दे, भांडू नका.

पत्र पोचलं. पायांवर सूज आहे म्हणतेस, तर बसताना पाय लोंबकळत ठेवू नकोस, पुढ्यात पाट घे. जावईबापू स्वयंपाक करतात हे वाचून बरं वाटलं. भांडी करपतात म्हणून नवीन आणू नका. पाणी घालून ठेवली की करप आपोआप सुटते.

इकडे सर्व ठीक. बाबा बरे आहेत, काम भरपूर आहे, देवाची कृपा आहे. माझ्या गुडघ्यांचं मात्र परत सुरू झालंय. तुमचा तिसरा मजला, त्यात लिफ्ट बंद. बाळंतपणाला येणं या खेपेस जमेलसं दिसत नाही. तुझ्या सासूबाई आहेत, शेजार चांगला आहे. तू समजूतदार आहेस.

इथवर बाबांना वाचून दाखवलं. "छान लिहिलंस, आता बंद कर," म्हणाले आणि आंघोळीला गेले. पण कागद मोठा आहे. ऑफिसच्या बाद नकाशांची पाठकोरी बाजू मी वापरते हे तुला ठाऊक आहेच. अर्धा कागद कोरा पाठवणं जिवावर येतं, म्हणून पुढे लिहिते.

तू मागे विचारलं होतंस, फोनवर बोलताना मागे टकटक कसली ऐकू येते. पाल असेल म्हटलं होतं मी. पाल नव्हती, माउस होता. तुझ्याशी बोलताना माझा उजवा हात कामात असतो.

वाचून दाखवलं असं लिहिलं, तेव्हा तुझ्या लक्षात आलं असेल. नसेल आलं तर सांगते. बाबांना आता वाचता येत नाही. वर्ष होत आलं. नजरेचा मधला भागच गेला. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. माझ्याकडे बघतात तेव्हा त्यांना माझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. "बरंच आहे, निम्मी कटकट गेली," म्हणाले होते. हसले होते. डॉक्टरांनी आशा ठेवायला सांगितलेलं नाही.

ऑफिसात कोणाला माहीत नाही. घरून काम करतो असं सांगितलं आणि ते मिळालं. तेव्हापासून संगणकासमोरच्या खुर्चीत मी बसते, शेजारच्या स्टुलावर ते. ते सांगतात, मी करते.

बाबा आले. थांबते.

ता. ११, गुरुवार

काल कागद हातात घेता आला नाही.

काम काय ते सांगते, म्हणजे तुला कळेल मी का अडकले. उतरत्या छपरांचे बंगले असतात ना, त्यांच्या छपराच्या कडेला नक्षीची पट्टी असते. ती सॉफ्टवेअरमध्ये बसवायची. खालची पट्टी आडवी धावते, बाजूची छपराबरोबर वर चढते. दोन्ही एका कोपऱ्यात भेटतात. एवढंच काम, पण चाळीस बंगल्यांचं.

पहिल्या महिन्यात मी नुसती हात होते. "डावीकडे जा, दाब, खाली ओढ." मग एक दिवस बेरीज जुळेना. पट्टी किती मीटर लागेल याचा तक्ता सॉफ्टवेअर काढून देतं, आणि सवयीनं तो मी माझ्या वहीत पडताळत होते. बाबांनी सांगितलेली लांबी नकाशात वरून सपाट दिसते तेवढीच होती, चार मीटर. पण छप्पर तीन मीटर वर चढतं. दहावीचा काटकोन त्रिकोण आठवला. पट्टी उतारावरून जाते, ती पाच मीटर भरणार. मी म्हटलं, "अहो, दर बाजूला एक मीटर कमी पडतोय." डोळे चांगले असते तर त्यांनी अशी चूक कधी केली नसती, हे आम्हा दोघांनाही कळलं.

नंतर कोपरा. एकाच साच्याची पट्टी आडवी घेतली आणि चढती घेतली, तर कोपऱ्यात नक्षी जुळत नाही. बाबांची जुनी पद्धत म्हणजे फट राहिली की तिच्यावर एक ठोकळा बसवायचा. "खालून कोण बघतंय?" मला ते बघवेना. ब्लाउजच्या गळ्याला पट्टी लावताना वळणावर कापड उरेब, म्हणजे तिरकं, का कापतात ते मला माहीत आहे. चढत्या पट्टीचा साचा मी थोडा ओढून वेगळा केला. आठ दिवस लागले. प्रत्येक क्लिकला एक नाम घेत होते, त्यामुळे राग आला नाही. कोपरा असा जुळला की सांधा शोधावा लागावा.

साहेबांचा फोन आला. "तुमच्या हाताला अजून तोड नाही हो," म्हणाले. बाबा "हं" म्हणाले. मला बरं वाटलं, बबडे. चाळीस वर्षं घर चालवलं, पण असं कोणी म्हटलं नव्हतं. आणि तेही मला म्हटलेलं नव्हतंच.

काल साहेबांनी तोच कोपरा ऑफिसातल्या सगळ्यांना स्क्रीनवर करून दाखवायला सांगितला. बाबा कॅमेऱ्यासमोर नवीन शर्ट घालून, मी टेबलाच्या आडोशाला पाटावर, मान वर करून, माउस मांडीवरच्या पुठ्ठ्यावर. ते बोलतील तसं मी फिरवायचं असं ठरलं होतं. पण ते ठोकळ्याचीच पद्धत सांगायला लागले. तोंडात बसलेली. मी साचा ओढत होते.

ऑफिसातल्या एक जुन्या बाई मध्येच म्हणाल्या, "सर, तुम्ही ठोकळा म्हणताय, पण तुमचा हात वेगळंच करतोय."

कोणीतरी हसलं. बाबा म्हणाले, "हात जास्त शहाणा आहे." सगळे हसले. मग त्यांनी पाय पसरून माझ्या पाटाला हळूच ढकललं. म्हणजे थांब. मी थांबले. "नेट गेलं वाटतं," म्हणून त्यांनी पायानंच फोन बंद करायची खूण केली. त्यांना बटण दिसत नव्हतं, ते मीच दाबलं.

दुपारी नवीन शर्ट काढून ठेवला. मग म्हणाले, "मी सांगेन तेवढंच करायचं. मला हसं करून घ्यायचं नाही."

"मग ठोकळे बसवू?"

"बसव."

तसे काल तीन बंगल्यांना ठोकळे बसवले. चाळीस बंगले पंचवीस तारखेला द्यायचे आहेत. तुझी तारीख चोवीस. आता कळलं ना, गुडघे कुठून आले. ती सबब त्यांची. लिहिणारा हात मात्र माझा.

ता. १२, शुक्रवार, सकाळ

अजून एक राहिलंय. ते लिहायला दोन दिवस लागले.

तुझ्या मागच्या पत्रात शेवटी एक ओळ होती. "बाबा, आईला पाठवा, मला खरंच भीती वाटते." तुझी पत्रं मीच वाचून दाखवते. ती ओळ मी वाचली नाही. "बाकी सगळं ठीक" असं म्हणून घडी घातली. तीन आठवडे झाले.

त्यांना राग येईल म्हणून नाही. ते "जा" म्हणाले असते, मला माहीत आहे. मग ऑफिसला कळलं असतं, आणि त्यांच्याजवळ उरलेली एवढी एक गोष्ट मी घेऊन निघाले असते. असं मी मनाला सांगत होते. देवासमोर बसले की एवढं सांगून भागत नाही. मला त्या खुर्चीतून उठायचंही नव्हतं. कोंडल्यासारखं होतं, पाठ दुखते, बाहेर ऊन पडलं की पडदा ओढून घ्यावा लागतो. आणि तरी तो कोपरा जुळला की मी पुढचा उघडते. तुला भीती वाटते हे कळूनही मी पुढचा उघडला. हे तू मला माफ करावंस असं मी लिहीत नाही. माहीत असावं, एवढंच.

आज चहा झाल्यावर तुझं पत्र काढलं आणि ती ओळ त्यांना वाचून दाखवली.

"कधी आलं हे?"

"त्याच पत्रात होतं. मी गाळलं."

त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं, म्हणजे तोंड दिसावं म्हणून. म्हणाले, "ऊठ खुर्चीतून." मी उठले. ते बसले. "तुझी पद्धत सांग. मी करतो. तू जा तिच्याकडे."

दीड तास मी सांगत होते. इतकं उजवीकडे, आता थोडं वर, आता ओढा. त्यांनी न कंटाळता केलं, कपाळावरचा घाम पुसत. कडेनं बघायला मान इतकी वळवायचे की खुर्ची फिरायची. शेवटी हात काढून घेतला आणि विचारलं, "जुळला?"

चांगली बोटभर फट होती.

जुळला म्हटलं असतं तर ते सुखानं बसले असते आणि मी सुखानं निघाले असते. चाळीस बंगले तसे गेले असते. त्यांच्या नावानं.

मी म्हटलं, "नाही जुळला."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "साहेबांना फोन लावून दे. आणि दार ओढून घे."

लावून दिला. दार ओढलं. आता जिन्यात पायरीवर बसून हे लिहिते आहे. आतून आवाज येतोय, शब्द कळत नाहीत. अजून इकडचं तिकडचंच बोलत असतील, ते तसेच आहेत. पुढचं, डोळ्यांचं आणि हाताचं, ऐकू आलं तर मी आत जाईन आणि त्यांच्या हातातून फोन घेईन, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून ऐकायला थांबत नाही. हे पत्र टाकायला आणि स्टेशनवरून तिकीट काढायला आत्ताच निघते.

एकवीस तारखेला, रविवारी पोचते. न्यायला कोणी येऊ नका. तुझ्या तीन आठवड्यांच्या भीतीला उत्तर म्हणून हे फार उशिरा आलंय, पण खरं आहे, आणि आज ते कोणाला वाचून दाखवलेलं नाही.

तुझी,
जिन्यातून परत न फिरलेली
आई