कहाण्या कोणी पुसल्या

माई,

आघाडा-दुर्वांची जुडी आली, वीस रुपयांना. जिवतीचा कागद आला, दहाला. पाव किलो फुटाणे पंचेचाळीसला, वाण्याने पाच रुपये वाढवलेत, मी बोलले पण त्याने ऐकलं नाही. उद्या सकाळी दुधाची एक पिशवी जादा सांगितली आहे. उद्या श्रावणातला पहिला शुक्रवार. एरवी या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी तुमच्या फोटोशी बोलत बोलत वाती वळते. आज मात्र फोटोवरची धूळ वर न बघताच पुसली. तुमच्याकडे बघायची लाज वाटते आहे.

तुमच्या कहाण्या इतकी वर्षं मला तोंडपाठ होत्या. छापील पोथीतली जिवतीची कहाणी वेगळी आणि तुमची वेगळी. तुमच्या कहाणीत बाळंतिणीला रात्री खाडीपार नेणारा होडीवाला आहे, तो कुठल्याच पुस्तकात नाही. पण हल्ली सांगताना मधलाच धागा सुटतो, म्हणून ठरवलं की टाइप करून ठेवायच्या. मुलाने ऑफिसातून निकालात काढलेला कॉम्प्युटर घरी आणला होता. सुनेने त्यावर कसलीशी फुकटातली लिनक्स सिस्टीम घालून दिली. फुकट म्हटल्यावर मी पुढे काही विचारलं नाही. उन्हाळाभर, स्वयंपाक आवरला की एका बोटाने टाइप करत बसायची. कोऱ्या कागदावर आधी श्री लिहावं हे तुम्ही शिकवलंत, ते मी इथेही सोडलं नाही. आता हा प्रोग्राम काय करतो, फाईल ठेवताना पहिली ओळच नाव म्हणून सुचवतो. त्यामुळे माझी प्रत्येक फाईल श्री. खर्चाच्या फोल्डरात श्री, महिला मंडळाच्या फोल्डरात श्री, कहाण्यांच्या फोल्डरातही श्री. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरंच वाटायचं.

गेल्या आठवड्यात मंडळाच्या बायका घरी आल्या होत्या. शुक्रवारी कोणती कहाणी वाचायची ते त्यांना दाखवावं म्हणून फाईल उघडली, तर आत हळदीकुंकवाची यादी. कहाण्या नाहीतच. आदल्या दिवशी सुनेने कॉम्प्युटरची सफाई केली होती, तेवढंच माझ्या डोक्यात आलं. ती नेमकी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हिनेच पुसल्या. हिला काय त्याचं? माईंच्या कहाण्या म्हणजे हिला अडगळ." शेजारीण म्हणाली, "जाऊ दे गं, आजकालच्या मुलींना कुठे वेळ असतो!" आणि बाकीच्या हसल्या. सुनेने ट्रे ठेवला, सगळ्यांना कप दिले, मलाही दिला, आणि आत गेली. तिची कसलीशी मीटिंग चालू होती.

त्या रात्री मला आपलं बोरिवलीचं जुनं स्वयंपाकघर आठवलं. मी लग्न होऊन नुकती आलेय. तुमची नथ सापडत नाहीये, आणि वरच्या मजल्यावरची बाई दारात उभी राहून म्हणतेय, "घरात नवं माणूस आलंय ना?" माझे हात पिठात तसेच थिजलेत. तुम्ही तिच्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही. मला म्हणालात, "काय गो, घाबरतंस कित्याक? ते डबे काढ खाली." फळीवरचा एकेक डबा जमिनीवर ओतलात, डाळ, पोहे, तांदूळ, सगळं. नथ निघाली मेथीच्या डब्यात, तुम्हीच ठेवलेली. तुम्ही ती धुतलीत, माझ्या नाकात घातलीत आणि दारातल्या बाईला म्हणालात, "बघ, कशी शोभता ती." ती नथ मी अजून वापरते. आणि मी काय केलं, तर एकही डबा न उघडता आधी माणसाचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुनेने माझ्यासाठी स्टूल ओढलं. "बसा आई. आपण शोधू." पडद्यावर एक काळी चौकट उघडली, चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती लुकलुकणारी रेघ. मी म्हटलं, "माझा लिहायचा प्रोग्रामपण गेलाय, त्याचं चित्रही दिसत नाही." ती म्हणाली, "चित्र गेलंय, प्रोग्राम आहे. हे बघा, विचारू त्याला." तिने 'व्हिच' लिहून पुढे प्रोग्रामचं नाव लिहिलं, आणि तो कुठे बसलाय ते ओळीत सरळ आलं. मग 'फाइंड'. कुठून शोधायचं आणि काय शोधायचं, एवढंच त्याला सांगायचं. "नाव काय होतं फाईलचं?" मी म्हटलं, "श्री." तिने एंटर दाबलं आणि श्री, श्री, श्री, पडदा भरून खाली सरकायला लागला. तिला हसू आलं. "आई, देव सगळीकडे आहे हे मान्य, पण आपल्याला एकच हवाय ना!"

"नावाने नाही जमायचं," ती म्हणाली. "हा 'ग्रेप' नाव बघत नाही, प्रत्येक फाईलच्या आत शिरून वाचतो. तुमच्या कहाणीतच असेल असा एखादा शब्द सांगा." मी म्हटलं, होडीवाला. तिने मलाच टाइप करायला लावलं. थोडा वेळ काहीच नाही, आणि मग एकच ओळ आली. तुमचा होडीवाला. ओळीच्या सुरुवातीला फाईलचा पत्ता होता, तो मी मोठ्याने वाचला. कहाण्यांचं फोल्डर नव्हतंच ते. 'आईंच्या फाईली, जपून' असं तिने बनवलेलं फोल्डर होतं. सफाईला हात लावायच्या आधी ती माझ्या सगळ्याची प्रत काढून ठेवते.

मूळ फाईल मीच पुसली होती, माई. सफाई झाली त्याच संध्याकाळी यादी ठेवताना कहाण्यांचं फोल्डर उघडं राहिलं होतं. या नावाची फाईल इथे आहे, तिच्या जागी ही ठेवू का, असं प्रोग्रामने विचारलं होतं, ते मला आता आठवतंय. श्रीच्या जागी श्रीच, म्हणून मी हो म्हटलं.

मी सुनेला विचारलं, "तुला ठाऊक होतं ना, तुझ्याकडे आहे ते?" ती म्हणाली, "हो." "मग काल तिथेच का नाही दिलीस?" तिने भांडी आवरावीत तशी ती काळी चौकट बंद केली. "काल दिली असती तर तुम्ही म्हणाला असतात, घेतली होतीस म्हणून दिलीस. मग म्हटलं, तुमच्याच हाताने सापडू दे."

त्यावर मी काय म्हटलं असेन? "चहा टाकू का?" बस, एवढंच. त्यानंतर ती माझ्याशी नेहमीसारखीच वागते, तेच जास्त लागतं. उद्या त्याच बायका येणार. मी कहाणी वाचणार, कोणीतरी विचारणार, "मिळाली का गं शेवटी?" आणि मला भीती वाटते की मी नुसतं "मिळाली" म्हणून पुढे वाचत राहीन. तुम्हाला माझ्यापुढे असं उभं राहायची कधी वेळच आली नाही, म्हणून ते मला बघायला मिळालं नाही. चार बायकांत सासूने सुनेला "माझं चुकलं" कसं म्हणायचं, कहाणीच्या आधी की नंतर, बसल्या जागी की उठून, तेवढं उलट टपाली कळवा.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, मला कळतं. पण माईंचं उत्तर यायचंय म्हणत उद्याचा शुक्रवार माफी न मागताच ढकलता येईल, त्यासाठीच हे लिहायला बसले.