तुमचं खातं अजून चालू आहे

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्ही रोज सकाळी कामावर हजर असता, हे आधी सांगते. परवा ऑडिटला आलेल्या तरुणाने माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, हे कोण? एचआर म्हणतं हे वारलेत, आणि तुमचा सर्व्हर म्हणतो यांनी आज सकाळीच लॉगिन केलंय." मी म्हटलं, "ते पहिल्यापासूनच वक्तशीर आहेत." तो हसला नाही. सोमवारपर्यंत हे खातं काढा, नाहीतर अहवालात तुमच्या नावावर शेरा येईल, असं सांगून गेला. आज शनिवार आहे.

राग येतो हो तुमचा. आपल्या लॅबच्या सगळ्या शाखांत कोणी कुठल्या संगणकावर बसायचं, कोणाला काय उघडता येईल, हे ठरवणारा डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे दारावरचा पहारेकरी, असं तुम्हीच मला शिकवलंत. त्या पहारेकऱ्याला आता मी वारज्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावरून हुकूम सोडते. स्क्रिप्टच्या चार ओळी लिहिल्या की सगळ्या शाखांत एकदम बदल होतो. पण तुम्ही काय करून ठेवलंत? बॅकअप तुमच्या नावाने चालतो, रिपोर्टची छपाई तुमच्या नावाने, शाखांच्या नोंदींची सकाळची जुळवाजुळवसुद्धा तुमच्याच नावाने. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी विचारलंही होतं, "सर, या कामांसाठी वेगळं खातं काढूया का? उद्या तुम्ही नसलात तर?" तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, "अगं, मी कुठं जातोय?" आणि गेलात की, टेबलावर अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं ठेवून. मागच्या वर्षी मी तुमचं खातं नुसतं बंद करून पाहिलं, तर माझा चहा गार व्हायच्या आत मांजरी गावच्या शाखेतून रिसेप्शनवरच्या ताईंचा फोन. "मॅडम, एक बी रिपोर्ट निघंना. पेशंट माझ्या अंगावर यायला लागलेत, कायतरी करा की!" तुम्हाला पुन्हा जिवंत केलं, तेव्हा कुठे रिपोर्ट निघाले.

याच मांजरीच्या शाखेपायी तुम्ही मला पहिल्यांदा झापलं होतंत. मी नोकरीत नवी आहे, ऑफिसात बसल्या बसल्या तिथल्या सर्व्हरच्या सेटिंग्ज बदलते आहे आणि स्वतःवर फार खूश आहे. तुम्ही मागे येऊन उभे राहता. "ते मशीन पाहिलंयस?" "नाही सर, गरजच काय? इथूनच होतं ना." "जिथं हात घालणार, ती जागा आधी बघून यायची. पीएमटीची बस आहे, पाय आहेत. ऊठ." भर उन्हात, मनातल्या मनात तुमचा उद्धार करत मी गेले. पाहते तर सर्व्हरच्या डोक्यावर कोणीतरी मनीप्लांटची कुंडी ठेवलेली, आणि तिचं पाणी झिरपत बरोबर विजेच्या बोर्डावर. परत येऊन सांगितलं तर शाबासकी नाही, काही नाही. "स्क्रिप्टला दिसलं असतं का?" एवढंच विचारून तुम्ही चष्मा पुसायला लागलात. त्याच संध्याकाळी दुसरा नियम शिकवलात. कुठलीही स्क्रिप्ट आधी एक शब्द जोडून चालवायची. त्या शब्दाचा अर्थ, नुसतं सांग, करू नकोस. मग मशीन आपण काय काय करणार ते मुकाट्याने वाचून दाखवतं आणि कशालाही हात लावत नाही.

तर या महिन्यात मी एकेक काम तुमच्या नावावरून काढून वेगळ्या खात्यावर नेलं. सगळं घरून झालं असतं. तरी प्रत्येक शाखेत स्वतः जाऊन छपाई डोळ्यांनी पाहून आले. नवरा म्हणाला, "याला वर्क फ्रॉम होम म्हणतात होय?" त्याला काय सांगणार? तुमची खोड मला लागली आहे आणि ती काही केल्या सुटत नाही, याचाही मला वैताग येतो. मांजरीच्या ताईंनी मात्र चहा पाजला. म्हणाल्या, "ते जुने सर बी असंच बघून जायचे."

शेवटचं काम आज सकाळची जुळवाजुळव झाल्यावर हलवलं; आता तुमच्या खात्यावर एकही काम उरलेलं नाही. ते गेलं तरी कुठलाही प्रिंटर थांबणार नाही, कोणाचाही फोन येणार नाही. एक ओळ चालवायची राहिली आहे. दुपारपासून मी ती तो शब्द जोडून चालवते आहे. मशीन तुमचं पूर्ण नाव लिहितं आणि म्हणतं, हे खातं काढलं जाईल. एकदा पाहिलं की पुरतं, हे मला कळतं. तरी पुन्हा चालवते. पुन्हा नाव येतं. सर, मला तुमची फार आठवण येते, आणि याचं तुम्हाला हसू आलं असतं म्हणून आणखी राग येतो.

हे सगळं मी ऑफिसच्या मेलमध्येच लिहिते आहे. वर तुमच्या नावाची दोन अक्षरं टाइप केली आणि पत्ता आपोआप आला. खातं चालू आहे, म्हणजे तुमची टपालपेटीही चालू आहे. पाठवलं तर पत्र खरोखर पोचेल. म्हणूनच पाठवत नाही. पोचलं, तर मी उत्तराची वाट बघायला लागेन, आणि मग सोमवारी ती ओळ माझ्याच्याने चालवली जाणार नाही.