मयूरीचे टॉन्सिल

जवाहर नगर, जयपूर
रविवार, ६ एप्रिल २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम.

पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. तू फोन नेहमी स्पीकरवर टाकतेस. शेजारी सासूबाई, मागे टीव्ही, आणि मध्येच भाऊजी 'काय डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवणार. त्या गर्दीत हे सांगता आलं नसतं. हिंदी शाळेत शिकलेल्या माझ्या मराठीच्या चुका नंतर काढ, आधी पूर्ण वाच. आणि एकटीच वाच.

बाबांचं बीपी आटोक्यात आहे. आई चौदा एप्रिलसाठी रेल्वे कॉलनीतल्या बायकांकडून गाणी बसवून घेतेय. तालीम आपल्याच हॉलमध्ये असते, त्यामुळे कानाची डॉक्टर असून मी कानात कापूस घालून बसते. भाऊजींच्या बदलीचं काय झालं ते कळव.

नोकरी कशी चाललीय असं तू दर वेळी विचारतेस आणि मी 'मस्त' म्हणते. तशी मस्तच आहे. सीतापुऱ्याकडे जाताना लागणारं मोठं हॉस्पिटल, स्वतःची ओपीडी, दारावर नावाची पाटी. बाबा ती पाटी बघायला खास येऊन गेले, शेजारच्या शर्माजींना घेऊन. कान-नाक-घशाची एम.एस. होऊन बाहेर पडल्याबरोबर हे मिळणं म्हणजे नशीबच समज. सरकारी जागांची जाहिरात निघता निघत नाही. स्वतःचा दवाखाना टाकायचा तर नुसती दुर्बीण आणि मायक्रोस्कोपच आवाक्याबाहेर. माझ्याबरोबरची चित्रा, जी आमच्यात सगळ्यात हुशार होती, ती एका क्लिनिकमध्ये टकलांवर केस रोवते. अनिरुद्ध कॉलेजातच कंत्राटावर लटकलाय. मला एका मुलाखतीत आडनाव ऐकून आधी 'कोट्यातून का?' असंच विचारलं होतं. इथे कुणी ते विचारलं नाही. विनयजी म्हणजे इथले मॅनेजर, त्यांनी फक्त एवढंच विचारलं की महिन्याला किती ऑपरेशनं करू शकाल. मला तो माझा मान वाटला, ताई. घरी येऊन मी पेढे वाटले.

विनयजी फार सज्जन माणूस आहे. कधी आवाज चढवत नाही, वाढदिवसाला केक मागवतो. दर सोमवारी सकाळी सगळ्या डॉक्टरांना एका खोलीत बसवतो आणि पडद्यावर दाखवतो की कुणाकडे किती पेशंट आले आणि त्यातले किती ऑपरेशनपर्यंत पोचले. कुणालाच काही बोलत नाही. ज्याचा आकडा खाली असेल त्याच्याकडे बघून नुसता काळजीने विचारतो. मला सुरुवातीला एकदाच विचारलं, "मैडम, गले वाले बच्चे कम हो गए क्या?" त्यानंतर त्याला विचारावं लागलं नाही.

जनार्दन सरांच्या हाताखाली मी शिकले हे तुला माहीत आहे. सर लहान मुलाचा घसा बघून खुर्चीत मागे रेलायचे आणि म्हणायचे, थांबू या. आईबाप वैतागायचे, सर थांबायचे. मुलं मोठी होतात तसे टॉन्सिल लहान होत जातात, बऱ्याच जणांना ऑपरेशन लागतच नाही. काहींना मात्र खरंच लागतं. त्या दोघांतला फरक ओळखायला सरांनी मला शिकवलं.

मागच्या महिन्यात कपड्याच्या कारखान्यात शिलाई करणारी एक बाई मुलीला घेऊन आली. मुलगी तुझ्या मयूरीएवढी. आई म्हणाली, आप कहो तो करा लेंगे. मी म्हटलं, करा लो. ऑपरेशन छान झालं, पोरगी हसत घरी गेली. दुपारी मी तिच्या घशाचे आधीचे फोटो पुन्हा बघितले आणि मला कळेना, मी हे टॉन्सिल का काढले. मला कुणीच सांगितलं नव्हतं. विनयजींनी तर त्या मुलीला बघितलंही नव्हतं.

आता मयूरीचं. तू मेमध्ये तिला घेऊन येतेयस, घरचीच डॉक्टर आहे तर इथेच टॉन्सिल उरकून टाकू, असं म्हणालीस. बाबा बीपी दाखवायला आले तेव्हा त्यांनी मोठ्या कौतुकाने विनयजींना सांगितलं की नात येणार आहे. विनयजींनी बाबांचे हात धरले. घर की बच्ची है, एक पैसा नहीं लगेगा, म्हणाले. आणि गेल्या सोमवारी त्या पडद्यावर, माझ्या नावाखाली, मे महिन्याच्या रकान्यात मयूरीचं नाव होतं. नाव, वय, टॉन्सिल. तिला अजून कुणी हातही लावलेला नाही, ताई. माझा आकडा चांगला दिसत होता. शेजारच्या हाडांच्या डॉक्टरांनी मला शाबासकी दिली आणि मी थँक यू म्हणाले.

तू टॉर्च मारून तिच्या घशाचा व्हिडिओ पाठवलास ना, तो मी बघितला. बघताक्षणी मनात आलं, काढायला हवेत. मग पुन्हा बघितला. मग कितीदा तरी बघितला. कदाचित खरंच काढायला हवेत. ती घोरते, सारखी आजारी पडते, असेलही तसं. पण मला आता सांगता येत नाही. हे माझं शिक्षण म्हणतंय की ही नोकरी म्हणतेय, मला खरंच ओळखता येत नाही. मला याची भीती वाटते. दुसऱ्या कशाचीच इतकी वाटत नाही.

तिला तिकडे अकोल्यातच सरकारी दवाखान्यात दाखव. माझं नाव सांगू नकोस, मावशी डॉक्टर आहे हेही नको. ते करा म्हणाले तर तिथेच कर, थांबा म्हणाले तर थांब. सुट्टीत जरूर या, पण सगळं उरकल्यावर.

तू मला विचारशील, मग सोडून का देत नाहीस. सोडलं तर पुढे काय, ते मला दिसत नाही. बाबांना काय सांगू तेही कळत नाही. माझ्यात अजून तेवढी हिंमत नाही.

आणि शेवटचं, हे नीट लक्षात ठेव. तुझं येणं लांबलं की विनयजी तुला फोन करतील. खूप गोड बोलतील. तू नाही म्हणालीस की थोड्या वेळाने माझा फोन येईल. ते तेव्हा माझ्यासमोर बसलेले असतील. मी म्हणेन, ताई, घेऊन ये गं तिला, मी आहे ना. माझा आवाज अगदी रोजच्यासारखा असेल, मी हसेनसुद्धा. तू तेव्हा माझं ऐकू नकोस.

मयूरीला पापा.

तिची मावशी,
सुवर्णा