ढाक्याला गेलेली माझी नोट

मोर्शी, ५ जानेवारी १९६१
सुट्टीत घरी. अमरावतीला एम.ए.चं शेवटचं वर्ष, विषय राज्यशास्त्र. दिल्लीच्या एका संशोधन संस्थेत पूर्व पाकिस्तान विभागात जागा निघाली आहे. अर्ज पाठवला. म्हणजे लागल्यातच जमा. बाबांनी अट घातली की नाही लागली तर पुस्तकं बांधून ठेवायची आणि संत्र्याच्या बगीच्यात यायचं. मला हसू आलं. उद्यापासून पहाटे पाचला उठून अभ्यास.

६ जानेवारी, सकाळी ९
आत्ता उठलो. थंडी फार. धाकटी बहीण ललिता (शाळा नववीतच सुटली) म्हणते की तिनं चारदा हाका मारल्या. या घरात एकाग्रता शक्य नाही.

१४ फेब्रुवारी
अमरावतीहून दोन दिवसांसाठी आलो, तर ललिता मावशीकडे गेलेली. बाबा म्हणाले, ढाक्याच्या रहीमबक्षले तू चिठ्ठी लिव. हे आमची संत्री घेणारे व्यापारी. त्यांना एरवी ललिताच लिहिते, मोडक्यातोडक्या हिंदीत. मजकूर काय, तर थंडीनं फळ मागं पडलं, माल दहा दिवस उशिरा येईल, राग मानू नका. परक्या राष्ट्रापुढे इतकी लाचारी! मी इंग्रजीत कडक नोट लिहिली. पुरवठा दहा दिवस स्थगित. आमचे सर्व हक्क राखून. परिणामांची जबाबदारी आपल्यावर. बाबांनी विचारलं, राग मानू नका लिवलं ना? मी म्हटलं, त्याच अर्थाचं आहे.

२७ फेब्रुवारी
सकाळीच घरून निरोप, असशील तसा ये. रहीमबक्षची तार आली आहे. माल नको. इकडे तोड झालेली, पेट्या भरून तयार. बाबांचा आवाज पार बडनेऱ्यापर्यंत गेला असेल. काहून लिवलं असं, कोनं सांगतलं होतं तुले? मी समजावलं की ही वाटाघाटीची पहिली फेरी आहे. ते म्हणाले, फेरी राहू दे, वखर धर.

२८ फेब्रुवारी
ललितानं माफीची तार केली, मागून पत्र. चाचा, भाऊ अजून शिकतो आहे, त्याच्या हातून गेलं. फळ लहान आहे, पण गोड आहे. नातवाला दात आले का?
नातवाचे दात! आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहारात!

३ मार्च
ढाक्याहून तार, माल पाठवा. घरात सगळे ललिताचं कौतुक करताहेत. माझ्या कडक भूमिकेमुळेच तिच्या मऊ शब्दांना वजन आलं, हे कोणी बोलत नाही. फार चिडचिड होते.

२० मार्च
मुलाखतीचं बोलावणं! दिल्लीचे लोक अकोल्याला येऊन घेणार, २ एप्रिल. विषयाशी संबंधित कागद आणावेत. माझ्याकडे फक्त नोटेची प्रत. ललिता पत्रांचे कच्चे खर्डे जपून ठेवते, तीन वर्षांचे. तेही फायलीत लावले. फाईल जाड दिसली पाहिजे.

अकोला स्टेशन, २ एप्रिल, दुपारी ३
मुलाखत उत्तम झाली. माझी नोट त्यांनी एका मिनिटात संपवली, म्हणजे आशय लगेच पटला. मग अर्धा तास खर्डे वाचत बसले. हे कोणी लिहिलं? म्हटलं, आमच्या स्टाफनं. स्टाफचं नाव? सांगावं लागलं. कलकत्त्यापुढे संत्री ढाक्याला कशी जातात, असं एकानं विचारलं. म्हटलं, तो तपशील स्टाफ बघतो. दुसऱ्यानं विचारलं, नातवाला दात आले का? म्हटलं, ते अभ्यासक्रमात नाही. सगळे हसले. वातावरण खेळीमेळीचं होतं.

मोर्शी, १९ एप्रिल
दिल्लीचं रजिस्टर आलं. कोट चढवून ओट्यावर गेलो, बाबांना हाक मारली. पोस्टमन नत्थुजी म्हणाले, तुमची सही नाई चालत, ललिताबाईची पायजे.
संस्थेनं लिहिलं होतं, सीमेपलीकडचा व्यापार कसा चालतो, ते तिनं दर महिन्याला लिहून पाठवावं, वाटेल त्या भाषेत. माझ्याविषयी शेवटी एक ओळ. फाईल आणून दिल्याबद्दल बंधूंचे आभार.
खूप वाईट वाटलं. जेवलो नाही. बाबांनी पुस्तकं बांधायला सुतळी तेवढी आणून ठेवली. परीक्षा झाली की रोज पहाटे पाचला तेच उठवणार आहेत.
संध्याकाळी ललितानं उत्तर लिहिलं. म्हणाली, तुहं अक्षर चांगलं आहे दादा, पत्ता तू लिव. लिहिला. पाकीट टाकायलाही माझ्याच हाती दिलं. पण आधी खळीनं नीट चिकटवलं, आणि म्हणाली, अंदर आपल्या मनानं काई लिवू नको.