गोदीच्या अभ्यासाचे बारा सेट

दुर्गदबैल, हुबळी
२१ जुलै २००३

ती. सौ. अंबूअक्कास,

धाकट्या यशवंताचा वाकून नमस्कार. भावोजींचा गुडघा आता काय म्हणतो? जिना चढू देऊ नकोस त्यांना. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तुला निपाणीचं घर खायला उठतं असं तू दिवाळीत म्हणाली होतीस, ते लक्षात आहे माझ्या. इकडे सगळे खुशाल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण तसं इथं कुणीही खुशाल नाही आणि मी तर मुळीच नाही. अक्षर वत्सलाचं आहे हे तू ओळखलं असशीलच. माझा चष्मा मोडलाय, त्यामुळे मी सांगतोय आणि ती लिहितेय. सांगेन तेवढंच लिही, मध्ये आपलं काही घालू नकोस, असं तिला बजावलंय. (बजावलंय खरं. पण कंस माझे. — व.)

तर गोदीची गोष्ट. नऊ वर्षांची झाली, तिसरी दोनदा करून झाली. दुकानात येऊन बसली तर कापडाच्या ताक्याला नुसता हात लावून सांगते, अप्पा, हा मागच्या गठ्ठ्यातला नव्हे, ह्याचं पोत विरळ आहे. मला कौतुक वाटतं, गिऱ्हाईक पळून जातं. पण पुस्तक उघडलं की अक्षरं जागेवर थांबत नाहीत म्हणते. घरात मराठी, गल्लीत कानडी आणि शाळेत इंग्रजी, तीन लिप्या त्या एवढ्याशा डोक्यात! मार्चमध्ये बाईंनी तिला सगळ्या वर्गासमोर उभं करून 'दड्डी' म्हटलं. मराठीत ढ म्हटलं तर निदान एका अक्षरात आटपतं, कानडीत चांगलं ठणकावून म्हणता येतं. त्या दिवसापासून पोरीने शाळेचं नाव टाकलं. मी रागवलो, चॉकलेट दिलं, पुन्हा रागवलो, शेवटी हात टेकले. मग धारवाडला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दोन तास तपासलं आणि सांगितलं, मुलगी चांगली हुशार आहे, हिला लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एकच भाषा धरा, घरीच सावकाश वेगळ्या पद्धतीने शिकवा, पुढे परीक्षा ओपन स्कूलमधून देता येईल. जाताजाता विचारलं, घराण्यात आणखी कुणाला असा त्रास? मी म्हटलं, छे हो, आमच्याकडे सगळे हुशार, आमची अक्का तर मास्तरीण होती. (हे सांगताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. — व.)

आता घरी शिकवा म्हणणं सोपं आहे गं. पण शिकवायचं काय? बाजारात साखर मागितली तर साखर मिळते, इथं अभ्यासक्रम मागितला की जो तो आपल्या जन्माची कहाणी सांगतो. बेंगळूरच्या एका संस्थेने म्हटलं, आधी आईने सहा महिने आमच्याकडे येऊन शिकायचं. मग इथं भाकऱ्या कोण भाजणार? मुंबईहून एका पेटीचं माहितीपत्रक आलं, लाकडी अक्षरं, वाळूचा ट्रे, रंगीत मणी, फार देखणं प्रकरण, पण किंमत ऐकून मी पाणी मागितलं. तेवढ्यात तर दिवाळीला दुकानातल्या सगळ्या माणसांना कपडे होतील. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातला राघवेंद्र तुला आठवत असेल, आमच्या लग्नात जिलबीच्या ताटाशी बसला होता तो. त्याने इथल्या लॅमिंग्टन रोडवरच्या इंटरनेटच्या दुकानातून अमेरिकेचा एक अभ्यासक्रम छापून आणला, चाळीस पानं. किंमत डॉलरमध्ये. त्यात मुलाला रोज बागेतली खार दाखवावी असं लिहिलंय म्हणे. दुर्गदबैलात खार कुठून आणू? इथं हातगाडीवाले आणि रिक्षावाले एकमेकांना काय बोलतात ते ऐकवलं तर पोरगी पंधरा दिवसांत वकील होईल. तीन महिने नुसता डोक्याला ताप. वत्सला रोज रात्री एकेक माहितीपत्रक मोठ्याने वाचायची, मी ऐकायचो, आणि सकाळी तिला म्हणायचो, परवडत नाही.

शेवटी मी ठरवलं, आपण आपल्या पद्धतीने जायचं. तीस वर्षं माल घेतोय, नमुना बघितल्याशिवाय एक वार कापड घेतलं नाही, मग अभ्यासक्रम तरी का घ्यावा? पुण्याच्या एका छापणाऱ्याला फोन करून नमुना मागवला. दुकानात गादीवर ठेवला. बोटांत धरून कागद चुरगाळला, उजेडात धरला, शिवण ओढून बघितली, तराजूत टाकला. अक्का, काय सांगू, कागद एक नंबर! बांधणी अशी की गोदीची नातवंडं वापरतील. तीन दिवस मी तो नमुना वर-खाली करत होतो. (तीन दिवस. — व.) एक सेट जरा महागच पडत होता, पण डझन घेतले तर दर निम्म्यावर येत होता. राघवेंद्र म्हणाला, "तगोरी सावकार, घेऊन टाका, उरलेले दिवाळीच्या आत जातील." मीही म्हटलं, अशी मुलं गावात आणखी असतीलच, त्यांच्या आईबापांनाही स्वस्तात पडेल. घेतले डझन.

गठ्ठा आला, वत्सलाने सुतळी कापली, वरचं पुस्तक उचललं आणि तिथंच खाली बसली. तो अभ्यासक्रम मुलांचा नव्हताच. शिकवणाऱ्यांसाठीचा होता. अशा मुलांना कसं शिकवावं ह्याच्यावर चारशे पानं, बारा वेळा. मुलांची पुस्तकं वेगळी मागवावीत असं मुखपृष्ठावरच छापलेलं आहे म्हणे. आता इतक्या बारीक अक्षरात छापलं तर माणसाला कसं दिसणार? (अक्षरं माझ्या अंगठ्याएवढी आहेत. — व.) छापणारा माल परत घ्यायला तयार नाही. त्या रात्री मी जेवलो नाही. गठ्ठा माजघरात आहे, गोदी त्याच्यावर बसून दूध पिते. परवा तिथूनच तिने मला विचारलं, "अप्पा, मी दड्डी आहे का?" मी दुकानाची किल्ली शोधायला लागलो. किल्ली हातातच होती. असो. तुझी तब्येत सांभाळ, भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
यशवंत

ता. क. तू मास्तरीण होतीस, तेव्हा त्या बारांतला एक सेट तुला भेट म्हणून पाठवतो. बाकीच्या अकरांसाठी निपाणीच्या शिक्षकांत कुणी गिऱ्हाईक असेल तर बघ. दरात कमी-जास्त करू.

ता. क. वन्सं, हे दुकानात गेलेत म्हणून मी माझं लिहिते. चष्मा मोडलेला नाही, नाकावर घालूनच गेलेत. बारा वर्षं रोजचा पेपर हे माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतात. तुझा आवाज गोड आहे म्हणतात. मी माहेरी सगळ्यांना सांगत आले, बघा, किती कौतुक! गठ्ठा उघडला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हिशेब तोंडी, दुकानाच्या वह्या दिवाणजींकडे आणि सहीला एवढा वेळ. मी विचारलं तर माझ्यावरच ओरडले. तुम्हाला माहीत होतं ना, वन्सं? सांगायचं होतंत. रागावले नसते. फक्त पेपर जरा सावकाश वाचला असता.

ता. क. अक्का हे मी लिहितोय. वत्सलाने वर काय लिहिलंय ते वाचलं. वेळ लागला पण वाचलं. तू मला जमिनीवर चिंचोक्यांची अक्षरं मांडून शिकवायचीस, त्यावर बोट फिरवायला लावायचीस. तसंच गोदीला शिकव. चार महिने ये. भावोजींनाही आण, त्यांना खालची खोली देतो. चिंचोके मी आणून ठेवलेत. एवढं लिहायला मला पाऊण तास लागला. गोदी शेजारी बसून बघत होती. मधेच माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, अप्पा, सावकाश लिही, इथं कुणी मारत नाही.