गुरांनी सोडलेला वाफा

बाणखार, तालुका अलिबाग
माघ वद्य पंचमी, सन १९३५

घरधन्यांच्या सेवेशी राहीचा नमस्कार.

इकडे मी आणि आई बऱ्या आहोत. पौषात आईंचा खोकला वाढला होता, तो अडुळशाच्या काढ्याने उतरला. शेळी व्याली. मागच्या पडवीचा कूड पडला होता, तो हिरामणकाकांनी बांधून दिला. तुमचं पत्र पोचून बरेच दिवस झाले. कामामुळे उत्तराला उशीर झाला असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. खरं काय ते पुढे लिहिते.

तुमचं पत्र कोणाच्या अक्षरातलं होतं ते ओळखलं नाही. हे पत्रही तुम्ही खोलीवर कोणाकडून तरी वाचून घ्याल. नागावला मामांकडे राहून मी चार बुकं शिकले ती आज उपयोगी पडली, मला मध्ये कोणी लागत नाही. तुम्हाला लागतो, तर लागू दे. जो वाचेल त्यानेही ऐकावं. लपवण्यासारखं माझ्याकडून काही झालेलं नाही.

तुम्ही विचारलंत, भाताविना दिवस कसे काढता. तर ऐका.

गणपतीनंतर तुम्ही मुंबईला गेलात. दसऱ्याच्या आधी देवळात गावकी बसली. संप मिटेतो खोताच्या खारजमिनीत पाय ठेवायचा नाही हे ठरलेलंच होतं, पण नुसत्या लाकडाच्या मोळ्या विकून गाव किती काळ तग धरणार. हिरामणकाका म्हणाले, देवळामागचा माळ गावकीचा आहे, त्यावर खोताचं नाव नाही, तिथे भाजी करू. पुरुष मोळ्यांना नाहीतर रेवसच्या बंदरात ओझी उचलायला जात, म्हणून माळ आम्हा बायकांवर आला. आम्ही दगड वेचले. बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. तळ्यातला गाळ डोक्यावरून आणून टाकला. दर घराला एक वाफा, कोणाचा कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. ज्या घरात कामाचं माणूस नाही त्या घराचा वाफा बाकीच्यांनी पाळीपाळीने करायचा. आणि एक नियम सगळ्यांनी देवासमोर मान्य केला. जे घर संप मोडेल त्याचा वाफा गावकी काढून घेईल.

त्या नियमाला हात वर करणाऱ्यांत मीही होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पाणी मात्र माळावर नव्हतं. कुंपणापलीकडे नसीबाखालांची नारळाची वाडी आहे, तिथली विहीर तुम्हाला माहीत आहे. त्यांचे बदरुद्दीनभाई आगबोटीवर असतात, वाडी त्या एकट्याच बघतात. मी विचारायला गेले तर म्हणाल्या, "सकाळी माजा रहाट माज्या माडांना. दुपारनंतर तुमचा. रेडा दमला तर तुमी जुंपून घ्या." आणि हसल्या. आठवड्याच्या आत खोताचे दिवाणजी त्यांच्या अंगणात येऊन बसले. संपवाल्यांना पाणी देऊ नका, उद्या तुमच्या नारळाला अलिबागेत गिऱ्हाईक मिळणार नाही, असं बोलले. खाला दाराआडून म्हणाल्या, "विहीर माज्या मियांनी खणली. त्येंना आगबोटीवर कागद लावा नि विचारा. उत्तर येईतो पानी असाच चालू ऱ्हायेल." दिवाणजी उठून गेले. यंदा त्यांचे नारळ खरंच अलिबागेत कोणी घेतले नाहीत. त्यांनी ते रेवसहून लाँचने मुंबईला लावले. पाणी एक दिवस बंद झालं नाही.

पहिला लाल माठ निघाला तेव्हा मी जुडी घरी आणली. आईंनी हातात घेऊन विचारलं, "ह्यातला खोताचा वाटा कंचा?" मी म्हटलं, नाही. त्यांनी परत विचारलं. जन्मभर त्यांनी बांधावर लावलेल्या भेंड्या आणि चवळीसुद्धा अर्ध्या त्याच्या वाड्यावर नेऊन दिल्या, त्यांना पटेना. मग दोघी जेवलो. आईंनी ताट बोटाने निपटून खाल्लं.

नंतर वाल लावले, मुळे, वांगी, आणि पाणी पुरेल तेवढा पांढरा कांदा. थंडी चांगली पडली. माळ असा भरला होता की वाटेने जाणारा थांबून बघायचा. तुम्ही बघायला हवा होतात.

आता खरं लिहिते.

संक्रांतीनंतरची गोष्ट. दुपारी आम्ही सगळ्या विहिरीवर होतो. रहाटाचा आवाज चालू, त्यामुळे काही ऐकू आलं नाही. घागरी घेऊन परतलो तर कुंपण दोन ठिकाणी उपटून फेकलेलं आणि खोताची गुरं माळावर. आम्ही काठ्या घेऊन धावलो, गुरं हाकलली. पण वाल खाऊन झाला होता. कांद्याची पात चिखलात गेली होती. येसूबाई, ती तर बाळंतपणातून उठून वाफ्यावर आली होती, ती आपल्या वाफ्यात बसून उपटलेली रोपं परत खोचत होती. ती जगणार नाहीत हे तिलाही कळत होतं.

आणि आपला वाफा जसाच्या तसा होता.

एक पान मोडलं नव्हतं. शेजारचा तुडवलेला, पलीकडचा तुडवलेला, आपल्या वाफ्याच्या कडेकडेने खुरांची रांग वळून गेलेली. गुरं आपणहून अशी वळत नाहीत. कोणीतरी पुढे उभं राहून त्यांना वळवलं होतं. सगळ्या बायका आधी वाफ्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. त्यापेक्षा कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. तुमच्या पत्रात पुढच्या बेताबद्दल एवढंच होतं की शिमग्याला येतो, एक चांगली बातमी आणतो, तोवर गावात कोणाशी काही बोलू नकोस. मी त्या बातमीची वाट बघत होते. बंदरात पक्कं काम मिळालं असेल असं आईंना सांगूनही टाकलं होतं.

बातमी तुमच्या आधी दिवाणजींनी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कुंपण बांधत होतो, तिथे आले. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "राहीबाई, तुम्ही कशाला यांच्यात हात खरचटून घेता? तुळशीरामने मुंबईत मालकांच्या पेढीवर येऊन खाचरं कसायच्या कबुलायतीवर अंगठा दिलाय. शिमगा झाला की भाताच्या रोपांसाठी राब भाजायला घ्या. वरची चांगली खाचरं तुमच्याकडे दिलीत. तुमच्या वाफ्याला धक्का लागू नये असं मी गुराख्यांना बजावलं होतं, लागला नाही ना?"

हसत विचारलं त्यांनी.

मी काय उत्तर दिलं ते तुमच्या कानावर वेगळं घातलं जाईल, म्हणून मीच लिहिते. मी आपल्या वाफ्यात गेले आणि चारी बाजूंच्या मातीच्या कडा पायाने मोडून टाकल्या. मग तयार कांदा होता तेवढा उपटला आणि येसूबाईच्या ओटीत घातला. म्हटलं, "आजपासून ह्या वाफ्याला नाव नाही. ज्यांचं तुडवलं गेलं त्यांनी ह्यातून न्यायचं." मग दिवाणजींना म्हटलं, "आता गुरं सोडायची झाली तर इथेही सोडा. वळवायची मेहनत वाचेल."

त्यांचं हसू गेलं. म्हणाले, नवऱ्याला कळवतो. मी म्हटलं, मीच कळवते.

ते गेल्यावर येसूबाईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "वैनी, कांदा लय झाला." आणि अर्धा परत माझ्या ओटीत टाकला. मग दुसरीने आपल्या वाफ्याची कड मोडली, तिच्यामागून बाकीच्यांनी. आता माळावर कोणाचा वाफा कुठला ते ओळखता येणार नाही. सगळा एकच आहे. काम सगळ्यांचं, निघेल ते माणसं बघून वाटायचं. तुडवलेल्या जागेत परत मुळा आणि माठ टाकला, तो आता बोटभर वर आला आहे.

पण नियम होता. संध्याकाळी गावकी बसली. हिरामणकाकांना बोलवेना. तुम्हाला त्यांनी खांद्यावर खेळवलंय. कोणी म्हणालं, राहीने वाफा देऊनच टाकला, मग आता कशाला विषय. मी उठले. म्हटलं, "नियम माझ्यासाठी वाकवू नका. आज माझ्यासाठी वाकवाल, उद्या दुसरा वाकवायला सांगेल. घराने संप मोडला असेल तर घराला बाहेर काढा. पण आधी विचारा, घराने मोडलाय का?"

काका म्हणाले, "तुळशीरामनं अंगठा दिला, मंग घर संपात कसा ऱ्हायला?"

तेव्हा आई उठल्या. तुम्हाला माहीत आहे, त्या चार माणसांत कधी बोलल्या नाहीत. भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घर माज्या मालकानं बांधला. तो गेला, आता घर माजा हाय. माज्या घरानं अंगठा दिलेला न्हाय. माज्या पोरानं दिला. पोर घराच्या भायेर हाय. मंग घर संपात हाय का न्हाय, सांगा."

मग काका हळूच म्हणाले, "हाय, ठमाबाय."

म्हणून आम्ही दोघी माळावर आहोत. आणि तुम्ही नाही. हे लिहायला मला इतके दिवस लागले.

तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ होती. ती मी आईंना वाचून दाखवली नाही, आणि तिचा खरा अर्थ मला दिवाणजी बोलले तेव्हा कळला. संपाने आपली पोर खाल्ली, आता मला माझ्या शेताचा भात खायचाय, असं तुम्ही लिहून घेतलंत. मैनाचं नाव तुम्ही गेल्यापासून ह्या घरात कोणी काढलेलं नाही. तुम्ही काढलंत, तेही दुसऱ्याच्या हाताने लिहून. म्हणून मला उत्तर देणं भाग आहे.

मैना श्रावणात तापाने गेली. तुम्ही तिला पाठीवर घेऊन पावसात अलिबागेच्या वाटेने निघालात, मी डोक्यावर इरलं धरून मागून पळत होते. खाडीचं पाणी चढलं होतं आणि तरीवाला येत नव्हता. तुमच्या पाठीवर ती गार झाली हे तुमच्या आधी मला कळलं. मी बोलले नाही, तुम्ही आणखी थोडं चालावंत म्हणून. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी नीट बोलला नाहीत. मी राग धरला नाही. आताही तो राग नाही.

पण आईंची दोन मुलं अशीच गेली. तेव्हा संप नव्हता. तेव्हा तुमचे वडील खोताची खाचरं कसत होते, भात मळत होते, अर्ध्याहून जास्त त्याच्या वाड्यात ओतत होते. तेव्हा कोणी म्हणालं का, खोतीने पोरं खाल्ली? तेव्हा सगळे म्हणाले, नशीब. मग आपल्या मैनाच्या वेळीच संप कसा दोषी? मी रात्रंदिवस ह्याचा विचार केलाय. उपाशी पोटी केलाय आणि भरल्या पोटी केलाय. आपल्याला आणखी पोर झालं तर ते खोताच्या वाट्यातून उरलेल्यावर वाढवायचं नाही, एवढंच मला दिसतं. तुम्हाला दुसरं दिसत असेल तर ते माझ्या तोंडावर सांगा. दिवाणजींच्या तोंडून नको.

दुःखाने माणूस थकतो हे मला कळतं. थकला असतात आणि मला लिहिलं असतंत, राही, मला नाही निभत, तर मी मुंबईला येऊन तुमच्याजवळ बसले असते. पण तुम्ही अंगठा दिलात, आणि मला गप्प राहायला सांगितलंत. वर आमच्या वाफ्याभोवती गुरं वळवली गेली. तुम्ही ते सांगितलं नसेल हे मी धरून चालते. तरी वळवली गेली तुमच्या नावाने.

आता पुढचं. शिमग्याला तुम्ही येणार. रेवसला उतराल. गावात तुम्हाला कोणी अडवणार नाही, तसं काकांना मी सांगून ठेवलंय. पण घरी येऊ नका. दाराला कडी असेल आणि ती आतून असेल. आधी माळावर या. आम्ही दुपारनंतर पाणी घालत असतो. तिथे सगळ्यांसमोर सांगायचं, कबुलायत परत केली आणि खोताच्या जमिनीत नांगर घालणार नाही. सांगाल तर एक घागर घ्या आणि पहिल्यांदा येसूबाईच्या घरचं पाणी भरा. न सांगाल तर संध्याकाळच्या लाँचने परत जा. मी त्या बायकांतच उभी असेन. तुमच्या बाजूला येऊन उभी राहणार नाही, आणि तुमच्याविरुद्ध कोणाला वाईट बोलूही देणार नाही.

वरच्या खाचरांचं आमिष मला दाखवू नका. ती खाचरं चांगली आहेत हे मला ठाऊक आहे. माझ्याच हाताने तिथे लावणी व्हायची.

पत्र मिटण्याआधी आईंना विचारलं, तुमचा आशीर्वाद लिहू का. त्या वालाच्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "तो माळावर येऊन उभा ऱ्हायला की डोक्यावर हात ठेवीन. कागदावर न्हाय."

तेव्हा आशीर्वाद लिहिलेला नाही.

राही