धुऊन परत केलेले बूट

सर,

तुम्ही माझ्या वाटेत आडवे आलात तेव्हा माझ्या खांद्यावर बर्फाची अर्धी लादी होती. पोत्यात गुंडाळलेली. मे महिना, बाजाराचा दिवस, आणि बर्फ वितळायच्या आत रसवंतीवर पोचायचं म्हणून मी पळत होतो. नववीत दोनदा नापास होऊन शाळा सुटली होती. बर्फ वाहायचं काम मला आवडायचं, कारण त्यात थांबून चालत नाही. तुम्ही भांड्यांच्या दुकानापुढं उभे होतात आणि एकदम पाऊल टाकून माझ्यापुढं आलात. मी डावीकडनं निसटलो. लादी जागची हलली नाही. मागनं हाक आली, "ए बर्फ! कुणाचा रं तू?" मला वाटलं आता शिव्या बसणार. तुम्ही जवळ आलात, तोंडाकडं न बघता माझ्या पायांकडं बघितलंत आणि म्हणालात, "संध्याकाळी ग्राउंडवर ये. आणि चप्पल घालून येऊ नको."

मंडळाच्या कबड्डीसाठी तुम्ही पोरं अशीच निवडता हे मला नंतर कळलं. आडवं आल्यावर जो थांबतो त्याला सोडून द्यायचं. जो येऊन धडकतो तो पकडीला. आणि जो थांबत नाही, धडकत नाही, निसटून जातो, तो चढाईला. सगळ्या बाजाराला तुमची ही खोड माहीत होती. भाजीवाल्या म्हणायच्या, "आलं बघा मास्तर, टोपल्या धरा गं." तुम्ही हसायचात, पण पुढच्या मिनिटाला कुणाच्या तरी पुढं आडवं पाऊल टाकलेलंच असायचं.

मी आता जर्मनीत आहे. स्टुटगार्टला, एका हिंदुस्थानी हॉटेलात तंदूरवर. पुण्यात सात वर्षं नान लावले, हात भाजून घेतले, मग एका मालकानं इकडं बोलावून घेतलं. तुम्ही असतात तर पहिल्यांदा विचारलं असतंत, पळतोस का अजून? पळतो, सर. त्याचंच सांगायचं आहे.

इथंही एक माणूस माझ्या वाटेत आडवा आला, पण चुकून. दर सोमवारी जेवायला येणारा एक धिप्पाड इंग्रज, ट्रक चालवतो, बायको इथलीच. त्या दिवशी वेटर आला नव्हता म्हणून मी दोन्ही हातांत तापलेले तवे घेऊन बाहेर आलो, आणि तो नेमका खुर्ची मागं ढकलून उठला. मी त्याला वळसा घालून गेलो. कांदासुद्धा सांडला नाही. तो तसाच उभा राहून माझ्या पायांकडं बघत होता. ते बघणं मी ओळखलं. 

तो एका रग्बीच्या संघाचा ट्रेनर होता. तुम्हाला कळेल असं सांगतो: चेंडू काखेत धरून केलेली कबड्डी. एका बाजूला तेरा जण. समोरच्यांनी धरून पाडलं की उठायचं, टाचेनं चेंडू मागं सरकवायचा, पुन्हा घुसायचं. असं सहा वेळा, मग चेंडू त्यांना. दोन्ही कडांना एकेक पळणारा असतो, त्याला विंगर म्हणतात. इथं पंधरा जणांची रग्बी लोकांना थोडीफार ठाऊक आहे, तेरांची कुणालाच नाही. ट्रेनरचे दोन्ही विंगर त्या पंधरांच्या संघात निघून गेले होते. उरलेल्यांत एक खाटीक, एक पोस्टमन, चार-पाच कॉलेजची पोरं. सगळे पकडीचे गडी. पळणारा एक नाही. प्रत्येक सामना हरत होते.

माझा पहिला सामना सांगतो, म्हणजे तुम्ही हसाल. चेंडू मिळाला, मी कडेकडेनं सुटलो, तिघं मागं पडले. समोर पांढरी रेघ. तिच्या पलीकडं जाऊन चेंडू जमिनीला टेकवायचा, झालं. पण सर, मी त्या रेघेला पायाचा अंगठा लावला आणि वळून परत पळत सुटलो. मधल्या रेषेकडं. घरी. आमचेच लोक "नाइन! नाइन!", म्हणजे नको, नको, असं ओरडत होते आणि मी मागं पडलेल्या तिघांच्या अंगावर स्वतःहून जाऊन आदळलो. खाटीक तर हसून हसून गवतावर बसला. इथं परत यायचंच नसतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही एकदा मला भर उन्हात शेवटच्या रेषेपासून मधल्या रेषेपर्यंत पन्नास वेळा चालायला लावलं होतंत, आठवतं? मी तिघांना शिवलो आणि मिजाशीत जरा रेंगाळलो म्हणून. पन्नासाव्या वेळेला म्हणालात, "जायला काय, कुणीबी जातंय. परत आला तर चढाई." ते पायांत इतकं बसलं होतं.

तर यंदाच्या उन्हाळ्यात, इकडं फुटबॉलचा वर्ल्डकप होऊन गेल्यावर, बाकीच्या दोन-चार संघांनी ट्रेनरला सांगितलं की तुम्ही दर वेळी दहा-अकरा जण आणता, यात मजा नाही. शेवटच्या सामन्याला पूर्ण तेरा उतरले नाहीत तर पुढच्या वर्षी धरणार नाही. आमचं मैदानही एका फुटबॉल क्लबचं होतं, त्यांना ते परत हवंच होतं. ट्रेनर माझ्याकडं आला. म्हणाला, "हे बघ, डाव्या कडेला तू. बारा झाले. उजव्या कडेला एक माणूस शोध. तुझ्या देशात तुझ्यासारखे अजून असतील."

मग मी काय केलं असेल? आडवा येत सुटलो. इथल्या लोकलच्या, एस-बानच्या जिन्यावर, बाजारात, नदीकाठी. एक म्हातारी तिची पिशवी माझ्या पाठीत घालून गेली. एक पोरगा निसटला छान, पण तो तिकीट तपासणाऱ्याला चुकवून पळत होता, थांबायला तयार नव्हता.

शेवटी गणपती आले. इथल्या मराठी मंडळाचा गणपती एका भाड्याच्या हॉलमध्ये बसतो. गाड्यांच्या कंपन्यांतले सगळे इंजिनियर, त्यांच्या बायका, जर्मनमध्ये भांडणारी पोरं. जेवण आमच्या हॉटेलातनं होतं, म्हणून मी होतो. एकानं विचारलं, "आपण कुठल्या कंपनीत?" मी म्हटलं, "तंदूरच्या." तो "ओह, नाइस" म्हणून पुढं गेला. आरती झाली, रांग लागली, आणि मी वाढायचं सोडून वाटेत उभा राहिलो. हातात भरलेलं ताट घेऊन येणाऱ्या माणसापुढं एकदम पाऊल. पहिले दोघं थांबले. तिसऱ्यानं वरण स्वतःच्या सिल्कच्या झब्ब्यावर ओतून घेतलं आणि त्याची बायको म्हणाली, "अहो, बघून चाला ना जरा!" म्हणजे बोलणी त्यालाच बसली. मी मान खाली घातली. चौथा आला. पंचविशीतला, चष्मा, नव्यानं लग्न झालेला. मी पाऊल टाकलं. तो कमरेतनं वळला आणि निघून गेला. ताटातल्या वरणाला लाटसुद्धा नाही.

मी मागनं ओरडलो, "ओ साहेब! कबड्डी खेळलाय का?"

तो थबकला. "शाळेत. का रे?"

"चढाई का पकड?"

"चढाई." मग हसला. "पण त्याला दहा वर्षं झाली. आता पोट सुटलंय."

"पोटानं कोण पळतंय साहेब?"

पाच रविवार तो आला. पुण्याचा, कॉन्ट्रॅक्टवर आलेला. जुन्या विंगरचे बूट त्याला बरोबर बसले. पहिल्या रविवारी त्यानंही रेघेला पाय लावला आणि वळला! ट्रेनरनं डोक्याला हात लावला. आम्ही दोघं गवतावर लोळून हसलो. मला साहेब म्हणू नको म्हणाला, तरी मी म्हणायचो. मधल्या सुट्टीत डब्यातली थालीपीठं काढायचा. एकदा म्हणाला, "ऑफिसमध्ये दिवसभर बसून मी विसरलोच होतो यार की मला पाय आहेत." तिसऱ्या रविवारनंतर मी रोज भट्टीपुढं उभा राहून त्याच्या कडेचा विचार करायचो. तो कुठं वळेल, त्याला चेंडू कधी द्यावा. सर, तुम्ही काकूंना म्हणायचात, पोरगं झोपेतबी दिसतंय मला. तेव्हा मला त्याची लाज वाटायची.

पाचव्या रविवारी जाताना त्यानं पिशवी दिली. "बूट धुतलेत रे. चिखल फार होता, बायको ओरडली." मग हात मिळवला, जरा जास्त वेळ. "पुढच्या रविवारी, दुपारी एक दहाच्या गाडीनं." मी म्हटलं, "गेनाऊ, अगदी बरोबर." तो पायऱ्या चढून गेला.

तर त्या शेवटच्या सामन्याच्या रविवारी मी स्टेशनवर उभा आहे. सामना दोनला. खांद्यावर त्याची निळी जर्सी, हातात बुटांची पिशवी. एक दहाची गाडी येते, दारं उघडतात, दोन बायका आणि एक सायकल उतरते. एक पंचविसची येते. फोन लावतो, बंद. एक चाळीसची. ट्रेनर स्वतः चालत फलाटावर येतो, विचारतो, "येतोय?" मी म्हणतो, "जा, जा, येतोय." तो माझ्याकडं बघतो आणि रेफ्रीकडनं दहा मिनिटं मागून घ्यायला परत जातो. तो गेल्यावर काहीतरी करायचं म्हणून मी पिशवी उघडली. बूट नुसते धुतले नव्हते. तळाच्या खिळ्यांमधली माती काडीनं काढली होती. नाड्या काढून वेगळ्या धुऊन परत ओवल्या होत्या. आत वर्तमानपत्राचे बोळे, आकार बिघडू नये म्हणून. आठवड्यानं सामना असलेला माणूस असे बूट परत करत नाही. जाणारा करतो. मला हे पाचव्या रविवारीच कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, मला.

कारण मीही तेच केलं होतं. जिल्ह्याच्या फायनलच्या आदल्या संध्याकाळी मंडळाच्या खोलीत शेवटपर्यंत मी थांबलो. माझा सात नंबरचा सदरा मी घरी साबण लावून धुतला होता, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली होती. तुमच्या कपाटात वरच्या फळीवर घडी करून ठेवला. मला कामाला नेणाऱ्या पुण्याच्या हॉटेलवाल्याचा ट्रक सकाळी सुटणार होता. का गेलो म्हणाल तर, कुणी मारलं नव्हतं, काही कमी नव्हतं. पाय ठरत नव्हते, एवढंच. सकाळी तुम्ही संघाला न्यायला आलेली जीप माझ्यासाठी अडवून धरलीत, ड्रायव्हर शिव्या देत होता तरी, हे मला पोरांनी नंतर सांगितलं. सहाच जण घेऊन खेळलात आणि हरलात. त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं पुण्याच्या हॉटेलवर फोन आला, की ग्राउंडवर चुन्याच्या फक्कीनं रेषा आखताना सर खाली बसले ते उठले नाहीत. मी फोन ठेवला आणि नान लावत राहिलो.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्हाला वाटलं असेल पोरगं झोपलं, आजारी पडलं. पण सामन्याला निघताना सदरे काढायला कपाट तुम्हीच उघडायचात. दर सामन्यानंतर मी तो सदरा घामासकट कोपऱ्यात फेकायचो, तुम्ही रोज ओरडायचात. त्या दिवशी तो इस्त्री करून घडी घातलेला होता. तुम्ही बघितला, सर. तुम्हाला त्याच क्षणी कळलं. कळूनही जीप धरून ठेवलीत.

आम्ही बारा जण खेळलो. उजव्या कडेला ट्रेनरनं पोस्टमनला उभं केलं. त्याचा गुडघा दुखतो. सगळे हल्ले त्याच्याच बाजूनं आले. सामना संपल्यावर ट्रेनर माझ्याजवळ बसला, मग त्याची बिअर माझ्या हातात देऊन उठला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी साहेबांचा मेसेज आला, पुण्याहून. कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही, महिनाभर माहीत होतं, तुला सांगायला जीभ रेटली नाही, तू थांबला असशील. मी लिहिलं, "नाही थांबलो साहेब. बारा पुरले." मग ऑक्टोबर संपता संपता फुटबॉल क्लबचं पत्र आलं आणि संघ मोडला. ट्रेनर अजून सोमवारी येतो. आम्ही पावसापाण्याचं बोलतो.

हे सगळं हॉटेलच्या ऑर्डरच्या कागदांवर लिहिलं आहे, आठ-नऊ कागद झालेत. काकू त्याच घरात आहेत म्हणतात. पत्ता पाठ आहे, पण त्यांनी हे वाचून काय करायचं? बूट माझ्याच खोलीत आहेत. हिवाळ्यात इथं सगळ्याला ओल धरते. आतले बोळे मऊ झालेत, ते काढून हे कागद कोंबून ठेवीन म्हणतो.

एक राहिलं. वर लिहिलंय की जीपचं मला पोरांनी सांगितलं. ते खरं नाही. ट्रक सुटायला उशीर झाला होता. मी मागं कांद्याच्या पोत्यांत होतो आणि ट्रक चौकात उभा होता, तुमच्यापासून वीस पावलांवर. माझा सदरा तुमच्या खांद्यावर होता. तुम्ही रस्त्याच्या मधोमध आलात, दोन्हीकडं बघितलंत, मग ट्रककडं बघितलंत. मला उडी मारता आली असती. मी पोत्याला धरून बसून राहिलो, ट्रक हलेपर्यंत.